स्पेन गेलं, जमीनदार राहिले

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार. मी पुण्यात एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास, आणि सोबत स्पॅनिशचा क्लास चालू आहे. भाषा थोडीफार वाचता येते तर उपयोग होईल म्हणून सेमिनारला लॅटिन अमेरिका घेतलं, पण जसजसं वाचतोय तसतसा गोंधळ वाढत चाललाय. आपल्या डोक्यात शाळेपासून एक गोष्ट पक्की बसलेली असते, की परके आले, लुटलं, लढा झाला, स्वातंत्र्य मिळालं आणि मग हळूहळू का होईना गाडी रुळावर आली. तिकडचं वाचताना ही गोष्ट कुठे बसतच नाही. मेक्सिको १८२१ ला सुटलं, पेरूने स्वातंत्र्य जाहीर केलं तेही १८२१ ला, बोलिव्हिया १८२५. म्हणजे आपली पेशवाई बुडून नुकती कुठे तीन ते सात वर्षं झाली होती तेव्हा हे देश स्वतंत्र! आपल्यापेक्षा सव्वाशे वर्षं जास्त मिळाली यांना. तरी आज जगातल्या सगळ्यात जास्त विषमता असलेल्या भागांत त्यांची नावं असतात, थोड्या घरांकडे प्रचंड जमीन आणि पैसा, आणि तळाला बहुतेक करून तिथले मूळ लोक नाहीतर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज.

पोतोसीच्या चांदीच्या खाणीबद्दल वाचलं त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही. राग येतो पण तो काढायचा कोणावर हेच कळत नाही. एक मित्र म्हणतो दोनशे वर्षांनंतर पण स्पेनच्या नावाने ओरडत बसायचं हा बहाणा आहे, दुसरा म्हणतो सगळं मूळ तिथेच आहे. आणि मला स्वतःला एक गोष्ट सारखी खटकते की बोलिवार, सान मार्तिन, इतुर्बिदे, ही स्वातंत्र्याची मोठी नावं बघितली तर सगळे स्पॅनिश वंशाचेच आहेत, मग ते स्वातंत्र्य नेमकं कोणाचं होतं? असा प्रश्न विचारणं म्हणजे त्यांच्या लढ्याचा अपमान होतो का? मी बाहेरचा माणूस आहे म्हणून विचारायला संकोच वाटतोय.
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : पत्र लांब होतं तरी जवळपास पूर्ण छापलंय कारण प्रश्न फार मनापासून आलेला आहे. आणि पहिल्यांदा तो संकोच काढून टाक. हे स्वातंत्र्य कोणाचं, हा प्रश्न तिकडचे लोक स्वतःच दोनशे वर्षं विचारत आलेत, शेतात विचारलाय, संसदेत विचारलाय आणि बंदूक हातात घेऊनही विचारलाय. तू विचारलास तर त्यांच्या बाजूलाच उभा राहतोस.

तुझ्या दोन्ही मित्रांपैकी कोणाचं बरोबर तर मला वाटतं दोघांचंही अर्धवट आहे. पाया स्पेनने घातला यात वादच नाही, पण त्या पायावर सगळ्यात जास्त बांधकाम झालं ते स्वातंत्र्यानंतर, एकोणिसाव्या शतकात, आणि ते करणारे स्पेनचे अधिकारी नव्हते, नव्या देशांचे राष्ट्राध्यक्ष, वकील, जनरल आणि जमीनदार होते. हा भाग शाळेच्या पुस्तकात फारसा येत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी तू पोतोसीचं काढलंस तिथूनच सुरू करू. आजच्या बोलिव्हियात चार हजार मीटर उंचीवरचा तो डोंगर, सेर्रो रिको, १५४५ ला तिथे चांदी सापडली. सुरुवातीची सोपी चांदी संपल्यावर खोल जायला माणसं हवी होती आणि मरायला कोण तयार होणार, म्हणून व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदोने १५७३ पासून मिता नावाची सक्तीची मजुरी लावली. मिता ही मूळची स्पेनच्या आधीच्या इंका राज्याची पद्धत, तिथे लोक पाळीपाळीने सरकारी कामं करायचे, स्पेनने नाव तेच ठेवलं आणि आत वेठबिगारी भरली. ठरवून दिलेल्या प्रांतांतल्या गावांनी प्रौढ पुरुषांपैकी सातवा हिस्सा दरवर्षी खाणीवर पाठवायचा, कधी कधी शेकडो किलोमीटर चालत, बायकामुलं आणि लामांचा कळप घेऊन, आणि गेलेल्यांतले बरेच परत यायचेच नाहीत, काही मेले म्हणून तर काही मिताच्या यादीतून सुटायला दुसरीकडेच पळाले म्हणून. ही पद्धत १८१२ ला बंद झाली, म्हणजे जवळपास अडीचशे वर्षं चालली. त्या चांदीतली बरीचशी फिरत फिरत सुरतेच्या बंदरात पण उतरली आणि मुघलांच्या टांकसाळीत वितळून तिचे रुपये झाले, म्हणजे आपल्याकडच्या त्या काळच्या व्यापाराचा धागाही त्या डोंगरापर्यंत जातो.

आता तुझा मुख्य प्रश्न. वसाहतीत माणसाची जागा जन्मावर ठरायची. सगळ्यात वर पेनिन्सुलार, म्हणजे स्पेनमध्ये जन्मलेले, मोठी पदं बहुतेक त्यांच्याकडे. त्यांच्या खाली क्रिओयो, रक्ताने स्पॅनिश पण जन्म अमेरिका खंडातला. मग मिश्र वंशाचे मेस्तिसो, मग मूळ लोक, आणि आफ्रिकन गुलाम. जमिनी, खाणी, गुलाम असं सगळं क्रिओयो घराण्यांकडे होतं, फक्त सत्ता आणि मोकळा व्यापार नव्हता, आणि अठराव्या शतकात स्पेनने टॅक्स वाढवले, चांगल्या जागा आपल्या माणसांना दिल्या, त्याचा राग त्यांच्या मनात साठत गेला. हा राग खोटा नव्हता हे पण लक्षात ठेव. पण त्यांना वरच्यांचा जितका राग होता त्याहून जास्त खालच्यांची भीती होती.

ही भीती बसली १७८० ला. पेरूतल्या कुस्कोजवळच्या तुंगासुकाचा कुराका, म्हणजे गावप्रमुख, होसे गाब्रिएल कोन्दोर्कान्की, याने आधी रीतसर लिमाला जाऊन अर्ज केले होते की आमच्या माणसांना मितातून सोडा, कोणी ऐकलं नाही. मग त्याने तुपाक अमारू हे इंकांचं नाव घेतलं आणि उठाव केला, जुलमी अधिकारी अरियागा याला फाशी दिली, हजारो लोक मिळाले. त्याची बायको मिकाएला बास्तिदास रसद, निरोप, माणसं सगळं सांभाळत होती, आणि तिची पत्रं वाचलीस तर कळेल की कधीकधी तिला नवऱ्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसत होतं, ती त्याला सारखी बजावत होती की आत्ताच कुस्कोवर चाल कर. त्याने उशीर केला. १८ मे १७८१ ला कुस्कोच्या चौकात दोघांना आणि त्यांच्या मुलाला मारलं, फार क्रूरपणे, ते इथे लिहीत नाही. नंतर इंका पद्धतीच्या कपड्यांवर बंदी आणली आणि केचुआ भाषा मोडून काढायचा हुकूम निघाला. सुरुवातीला काही क्रिओयो तुपाक अमारूच्या बाजूला होते, पण खालचे लोक आसिएंदा, म्हणजे मोठ्या जमीनदारांचे वाडे आणि मळे, जाळायला लागले तसे ते मागे फिरले.

मेक्सिकोत हेच परत झालं. १८१० च्या सप्टेंबरात मिगेल इदाल्गो या पाद्र्याने दोलोरेस गावात हाक दिली, शेतमजूर आणि खाणमजूर हजारोंनी आले, त्याने गुलामगिरी रद्द केल्याचं जाहीर केलं, मूळ लोकांवरची पट्टी, म्हणजे खास त्यांच्यावरचा कर, रद्द केली. १८११ ला त्याला गोळ्या घातल्या. त्याच्या मागून होसे मारिया मोरेलोस आला, तो स्वतः मिश्र वंशाचा, त्यालाही १८१५ ला संपवलं. आणि या लोकांना चिरडणाऱ्या फौजेत जो अधिकारी होता, आगुस्तिन दे इतुर्बिदे, त्यानेच १८२१ ला मेक्सिको स्वतंत्र केलं! कारण काय तर १८२० ला स्पेनमध्ये उदारमतवादी सरकार आलं आणि मेक्सिकोतल्या बड्या जमीनदारांना, धर्मसत्तेला वाटलं की आता स्पेनच आपले हक्क काढून घेईल, त्यापेक्षा वेगळं झालेलं बरं. म्हणजे समानतेसाठी लढले ते हरले, आणि समानता नको म्हणून जे वेगळे झाले ते जिंकले. सगळीकडे इतकं सरळ नव्हतं, दक्षिण अमेरिकेत स्पेनविरुद्ध लढलेल्या बोलिवारचं उदाहरण नक्की वेगळं आहे, हैतीचा राष्ट्राध्यक्ष पेतियों याने त्याला शस्त्रं आणि जहाजं दिली ती गुलाम सोडशील या अटीवर, आणि त्याने आपले गुलाम सोडलेही. पण व्हेनेझुएलात गुलामगिरी कायद्याने संपली १८५४ ला, बोलिवार जाऊन चोवीस वर्षं झाल्यावर. तेवढी वर्षं तिथल्या जमीनदारांनी ती टिकवून धरली.

आता स्वातंत्र्यानंतरचं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पेरूचं स्वातंत्र्य जाहीर करणाऱ्या सान मार्तिनने १८२१ मध्ये लिमात फर्मान काढलं की मूळ लोकांची पट्टी रद्द, आणि यापुढे त्यांना इंडियन म्हणायचं नाही, ते पेरूचे नागरिक. किती सुंदर गोष्ट आहे ही! पण खजिना रिकामा होता, त्यामुळे पाच वर्षांत तीच पट्टी दुसऱ्या नावाने परत आली आणि १८५४ पर्यंत चालू राहिली. बोलिव्हियात तर कितीतरी दशकं सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग याच लोकांच्या पट्टीतून येत होता. देश त्यांच्या पैशावर चालायचा पण देशात त्यांना मत नव्हतं.

आणि जमीन. स्पेनच्या राजाने मूळ गावांकडून कर आणि मजुरी घेतली, पण त्या बदल्यात गावाची सामाईक जमीन कागदोपत्री मान्य केली होती, कारण गाव जगलं तरच कर मिळणार. हे काही प्रेमाने केलं नव्हतं पण त्यामुळे गावकऱ्यांच्या हातात कागद होता, कोर्टात जाता येत होतं, आणि ते जायचेही. नव्या सरकारांना ही सामाईक मालकी मागासलेली वाटली, प्रत्येक नागरिकाकडे स्वतःची जमीन हवी असा त्यांचा विचार. बोलिवारने १८२४ ला पेरूतल्या त्रुहियोत असं फर्मान काढलं. मेक्सिकोत १८५६ चा लेर्दो कायदा तसाच, आणि तो करणाऱ्या गटात बेनितो हुआरेस होता जो स्वतः सापोतेक, मूळ समाजातला, मेंढ्या राखून शिकलेला, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. हेतू चांगला असेलही. पण ज्याला कायद्याची भाषा वाचता येत नाही, ज्याच्याकडे वकील नाही आणि डोक्यावर कर्ज आहे त्याच्या हातात विकता येणारा तुकडा दिला की तो कोणाकडे जाणार हे आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. शेजारच्या आसिएंदाकडे. मग मेक्सिकोचा हुकूमशहा पोर्फिरिओ दिआस याच्या काळात सर्वे कंपन्या आल्या, पडीक सरकारी जमीन मोजून द्यायची आणि मोजलेल्याचा तिसरा हिस्सा कंपनीने ठेवायचा, आणि पडीक कोणती ते ठरवणार कोण? बोलिव्हियात १८७४ चा कायदाही तसाच. चिलीत तर अजून वेगळं, बिओबिओ नदीच्या दक्षिणेला मापुचे लोकांना स्पेन शेवटपर्यंत जिंकू शकलं नाही, १६४१ ला तह करून त्यांचं वेगळेपण मान्य करावं लागलं, आणि तो मुलूख घेतला कोणी तर स्वतंत्र चिलीने, १८६१ ते १८८३ च्या मोहिमेत. अर्जेंटिनानेही तेव्हाच पातागोनियात तेच केलं.

तेव्हा, स्पेनने केलं असं म्हणून फाइल बंद करता येत नाही. ते तिथल्या बड्या घराण्यांसाठी फार सोयीचं आहे, कारण मग त्यांच्या पणजोबांनी १८७० च्या दशकात कोणाची जमीन कशी घेतली हे कोणी विचारत नाही.

पण स्पेनचा हिशेब संपला असंही समजू नकोस. मेलिसा डेल या अर्थशास्त्रज्ञ बाईंचा २०१० चा अभ्यास आहे, त्यांनी पेरूत मिताच्या हद्दीच्या अगदी आतली आणि अगदी बाहेरची गावं घेऊन तुलना केली, एरवी हवामान, जमीन, लोक सारखेच. तरी आतल्या गावांत आजही घरखर्च सुमारे २५ टक्के कमी आहे आणि मुलांची वाढ खुंटलेली जास्त दिसते. त्यांचं म्हणणं असं की हद्दीच्या बाहेर मोठे जमीनदार वाढले आणि त्यांनी आपली वट वापरून निदान रस्ते तरी आणले, आत तेही नाही. हे वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते, कारण गरीब गावाला रस्ता मिळण्यासाठी आधी तिथे जमीनदार असावा लागतो ही काय व्यवस्था झाली?

मग बदललं कुठे? जिथे जमिनीला आणि मताला हात घातला तिथे. पेरूत मतदानाला लिहितावाचता येण्याची अट होती आणि ती गेली १९७९ च्या घटनेने. १९७९! ज्यांना शाळाच दिली नाही, दिली तर त्यांच्या भाषेत नाही, त्यांना अडाणी ठरवून मत नाकारायचं, हे आपल्या डोळ्यांसमोरच्या काळापर्यंत चालू होतं. बोलिव्हियात १९५२ च्या क्रांतीने ही अट काढली, १९५१ ला सव्वा लाखाच्या आसपास मतं पडली होती आणि १९५६ ला साडेनऊ लाखांच्या पुढे. क्रांतीच्या पुढच्याच वर्षी, १९५३ ला, जमीन सुधारणा आली आणि मालकाच्या घरी फुकट राबायची पोंगेआहे नावाची वेठ खऱ्या अर्थाने संपली. ग्वातेमालात १९५२ ला राष्ट्राध्यक्ष आर्बेन्सने मोठ्या जमीनदारांची न कसलेली जमीन नुकसानभरपाई देऊन वाटायला घेतली, त्यात अमेरिकेच्या युनायटेड फ्रूट कंपनीची जमीन आली आणि १९५४ ला अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने त्याचं सरकार पाडलं, वाटलेली जमीन परत घेतली गेली. १९६० पासून ३६ वर्षं यादवी, सुमारे दोन लाख माणसं मेली किंवा गायब झाली, आणि ज्यांची ओळख पटली त्यातले ८३ टक्के माया, म्हणजे तिथले मूळ लोक, होते असं तिथल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ ला लिहिलं. तुझा राग कोणावर काढायचा विचारतोस ना, ग्वातेमालाचं वाचलंस तर दिसेल की त्या यादीत एकच देश नाही.

प्रश्न : नागपूरचे डॉ. पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत होते असं वडिलांकडून ऐकलंय. ते तिकडे काय करत होते? या सगळ्याशी त्यांचा काही संबंध येतो का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : येतो, आणि फार जवळून येतो. खानखोजे मूळचे वर्ध्याचे, तरुणपणी क्रांतिकारक विचाराने देश सोडला, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत होते, पहिल्या महायुद्धात इराणमधून इंग्रजांविरुद्ध लढायचा प्रयत्न केला, आणि सगळे रस्ते बंद झाल्यावर १९२४ ला मेक्सिकोत पोचले. तो काळ लक्षात घ्या. मोरेलोस प्रांतात साखरेच्या मळ्यांनी गावांच्या जमिनी गिळल्या म्हणून एमिलियानो सापाता उठला होता, त्याने १९११ ला आयालाचा जाहीरनामा काढला की गावांची जमीन गावांना परत, १९१९ ला त्याला दग्याने मारलं, पण १९१७ च्या घटनेत जमिनीचं कलम आलेलं होतं. आता जमीन वाटायची, तर ज्याने आयुष्यभर मालकाच्या मळ्यात मजुरी केली त्याला बियाणं, खत, पाणी यांचं ज्ञान कोण देणार?

खानखोजे तिथे होते. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवत होते, आणि ते विद्यालय उभं होतं एका जुन्या आसिएंदाच्याच जागेवर, माजी राष्ट्राध्यक्षाची होती ती. माणसाचं शोषण शिकवू नका, जमिनीतून पीक कसं काढायचं ते शिकवा, अशा अर्थाचं त्या विद्यालयाचं ब्रीद आहे. खानखोजेंनी मका आणि गव्हाच्या वाणांवर काम केलं आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेरा त्यांचा मित्र, त्याने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या इमारतीच्या भिंतीवर त्यांना रंगवलंय, गरिबांच्या पंगतीत मधोमध बसून भाकरी वाटणारा माणूस, तो आपला वर्ध्याचा! भारत स्वतंत्र झाल्यावर ते परतले आणि १९६७ ला नागपुरात गेले. २०२२ ला चापिंगोत त्यांचा पुतळा बसवला. मला फार वाटतं की आपल्या कृषी महाविद्यालयांत त्यांच्याबद्दल निदान एक तास तरी शिकवावं, आपल्याकडे एवढ्या मोठ्या माणसाचं नाव नागपूर-वर्ध्याच्या बाहेर फार थोड्यांना माहीत आहे.

मेक्सिकोत खरी मोठी वाटणी झाली ती १९३४ ते १९४० मध्ये, लासारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष असताना, सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर गावांच्या सामाईक मालकीला, एहिदोंना, दिली. १९९२ ला घटनादुरुस्ती करून ही जमीन विकायचा रस्ता उघडला गेला, आणि १ जानेवारी १९९४ ला चियापासमध्ये माया शेतकरी उठले ते सापाताचंच नाव घेऊन.

प्रश्न : ताई, सगळ्याच स्पॅनिश वसाहती अशा राहिल्या का? कोस्टा रिकाचं उदाहरण नेहमी चांगलं म्हणून देतात.
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : नाही, सगळ्या नाहीत. कोस्टा रिकात सोनंचांदी फारशी नव्हती आणि राबवायला माणसंही थोडीच उरली होती, त्यामुळे स्पेनने तिकडे दुर्लक्ष केलं आणि लहान शेतकरी टिकले. पुढे कॉफी आली तरी लहान शेतं बऱ्यापैकी राहिली, १९४८ ला तर सैन्यच बरखास्त केलं. पण तिथेही कॅरिबियन किनाऱ्यावर केळीच्या मळ्यांत राबायला जमैकाहून आलेले काळे कामगार होते आणि त्यांना बरोबरीचं नागरिकत्व मिळायला १९४८-४९ उजाडावं लागलं, तेव्हा विद्यार्थ्यांना सांगताना हे पण सांगा.

प्रश्न : माझ्यासोबत दुबईत फिलिपिन्सच्या नर्स काम करतात, त्यांची आडनावं स्पॅनिश आहेत. त्यांच्याकडेही हेच झालं का?
— एक वाचक, दुबई

उत्तर : बऱ्याच अंशी हो. स्पेन तिथे १५६५ पासून होतं, आणि मनिलाच्या आसपासच्या सुपीक जमिनी मोठ्या प्रमाणात धर्मगुरूंच्या मठांकडे होत्या. फिलिपिन्सचा राष्ट्रीय नायक मानला जाणारा लेखक होसे रिसाल, त्याच्या कुटुंबाने मठाच्या जमिनीवर खंडाने शेती केली आणि वाद झाला तेव्हा त्यांना घराबाहेर काढलं गेलं. रिसालला ३० डिसेंबर १८९६ ला गोळ्या घातल्या. १२ जून १८९८ ला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्पेनने २ कोटी डॉलर घेऊन त्यांचा देश अमेरिकेला देऊन टाकला, त्या वाटाघाटींत एकाही फिलिपिनो माणसाला बसू दिलं नाही. अमेरिकेने मठांची सुमारे चार लाख एकर जमीन विकत घेतली, कुळांना द्यायची म्हणून, पण किंमत अशी होती की बरीचशी पैसेवाल्यांकडेच गेली. १९४६ च्या स्वातंत्र्यानंतरही त्यातलीच बडी घराणी राजकारणात दिसत राहिली. तुमच्या सोबतच्या नर्स घरापासून इतक्या लांब येऊन राबतात त्यामागे गावाकडे स्वतःची जमीन नसणं हे पण एक कारण असू शकतं, कधी वेळ मिळाला तर त्यांनाच विचारा, त्या जास्त नीट सांगतील.

प्रश्न : आमची वसई काही काळ स्पेनच्या राजाखाली होती असं कोणीतरी म्हणालं, खरं आहे का?
— एक वाचक, वसई

उत्तर : खरं आहे. १५८० ते १६४० पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजांकडे होता, त्यामुळे गोवा, वसई, चौल, दमण सगळं त्या साठ वर्षांत त्यांच्याच नावाने चाललं. पण कारभार पोर्तुगीजच बघत होते, लॅटिन अमेरिकेतल्या स्पॅनिश पद्धती इथे आणल्या नाहीत. वसईकडची गावं पोर्तुगीज कुटुंबांना पट्ट्याने द्यायची पद्धत त्यांची स्वतःची होती, आणि ती चिमाजीअप्पांनी १७३९ ला किल्ला घेईपर्यंत चालली.

प्रश्न : ताई, पहिलं पत्र पाठवल्यावर अजून एक सुचलं म्हणून परत लिहितोय. पंचवीस पानांच्या सेमिनारमध्ये हे सगळं कसं बसवू? सर म्हणतात विषय लहान कर, आणि मला काहीच सोडवत नाहीये.
— पुण्याचाच विद्यार्थी

उत्तर : सर बरोबर सांगतायत. दहा देश घेतलेस तर दहाही देशांवर वरवरचं लिहिशील. पेरू घे, कारण तिथे तुझे सगळे प्रश्न एकाच जागी सापडतात. आणि दोनच कागदांवर लिही, तुझ्या स्पॅनिशला झेपतील असे. एक म्हणजे सान मार्तिनचं १८२१ चं फर्मान, पट्टी रद्द करणारं आणि मूळ लोकांना पेरूचे नागरिक म्हणणारं, अगदी छोटं आहे. दुसरं म्हणजे जनरल बेलास्कोचं २४ जून १९६९ चं भाषण, त्या दिवशी त्याने जमीन सुधारणेचा कायदा जाहीर केला आणि शेवटी तुपाक अमारूच्या नावाने शेतकऱ्यांना सांगितलं की मालक यापुढे तुमच्या गरिबीवर जेवणार नाही. तो लष्करी हुकूमशहा होता, निवडून आलेला नव्हता, ते लपवू नकोस, आणि त्या सुधारणेतून निघालेल्या सहकारी संस्थांपैकी अनेक नीट चालल्या नाहीत तेही लिही. पण दीडशे वर्षांच्या अंतराने दोन सरकारं त्याच लोकांना तुम्ही आता मोकळे झालात असं सांगतायत, मग मधल्या काळात जमीन, पट्टी आणि मत यांचं काय झालं, एवढाच प्रश्न धर. पंचवीस पानं भरून उरतील.

काही शब्द अडले तर स्पॅनिशच्या बाईंना आधी विचार, कायद्याची जुनी भाषा जरा अवघड असते. आणि मला परत लिहायचं असेल तर सेमिनारच्या तारखेआधी महिनाभर तरी लिही, अंक छपाईला जायला वेळ लागतो.